चुरींच्या अंगणातलं ऊन

विरार स्टेशनापासून बोळिंजपर्यंत सूर्यचूल आली ती टांग्यात बसून, आणि रामनाथ चुरी आले ते टांग्यामागून चालत. टांगेवाल्याचं म्हणणं असं, की काचेचं सामान पायाशी ठेवलं तर फुटणार, आणि सीटवर आडवं ठेवलं तर माणसाला जागा उरणार नाही; तेव्हा काय ते ठरवा. चुरींनी फार वाद घातला नाही. एवढ्या नव्या वस्तूच्या मागून चालण्यातही एक मान असतो असं त्यांना वाटलं. फक्त वाटेत भेटेल त्याला थांबून समजावून सांगावं लागत होतं आणि तोवर टांगा पुढे निघून जात होता, त्यामुळे त्यांना मधूनमधून पळावं लागलं. घरी पोचेपर्यंत अर्ध्या गावात चुरींनी शिवणयंत्र आणल्याची आणि उरलेल्या अर्ध्या गावात बाजाची पेटी आणल्याची बातमी पसरली होती.

हे त्र्याऐंशी सालच्या डिसेंबराच्या अखेरीचं. गॅससाठी नाव नोंदवून लोक म्हातारे होत होते आणि रॉकेलची रांग दुकानापासून वळण घेऊन थेट पिंपळापर्यंत जात होती. अशा दिवसांत वसईला भरलेल्या एका प्रदर्शनात चुरींना एका बाईंनी चमचाभर भात खायला दिला आणि हा भात सूर्याने शिजवलाय असं सांगितलं. तो चमचा चुरींच्या आयुष्याला कलाटणी देऊन गेला. चुरी वालीवला पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. दिवसभर दुसऱ्यांना वस्तू काढून द्यायच्या आणि सही घ्यायची, याचा परिणाम म्हणा, पण स्वतःसाठी एखादी वस्तू घ्यायची वेळ आली की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. डासांना ऐकू येतो पण माणसाला येत नाही असा आवाज काढणारी एक डबी त्यांनी पूर्वी आणली होती. ती अजून खिडकीत होती. डास तिच्यावर बसत असत.

"ही पेटी कसली?" द्वारकाबाईंनी ओटीवर येऊन विचारलं.

"पेटी नाही. चूल आहे."

द्वारकाबाईंनी चुलीला एक प्रदक्षिणा घातली. ट्रंकेएवढा पत्र्याचा डबा, आतून काळा. त्यावर दुहेरी काच. काचेवर झाकण आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. आत चार काळी गोल भांडी.

"जाळ कुठं घालायचा?"

"जाळ नाही, रॉकेल नाही, धूर नाही, काही नाही. उन्हात ठेवायची. आरसा सूर्याकडे करायचा. दोन-तीन तासांत भात तयार."

"उन्हात," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी अंगणाकडे पाहिलं. चुरींनीही पाहिलं. आणि चूल घेताना, पैसे भरताना, टांग्यामागून पळताना जी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती ती तिथे समोर पसरलेली होती. अंगणभर सावली होती.

आता यात द्वारकाबाईंचा काही दोष नव्हता. बोळिंजमध्ये घरामागे चार झाडं असणं ही काही खास गोष्ट नाही. नसली तर लोक आजारीबिजारी आहात का विचारतात. कुंपणाला नारळ, कोपऱ्यात फणस, विहिरीपाशी राजेळी केळी, मांडवावर तोंडली, आणि बरोबर मधोमध द्वारकाबाईंचा शेवगा. शेवगा त्यांनी माहेरून, केळव्याहून, फांदी आणून लावला होता. आता तो पांढऱ्या फुलांनी लगडला होता. शेवग्याच्या शेंगा आळीभर वाटायच्या, हा द्वारकाबाईंचा दरवर्षीचा सोहळा. चुरींना डब्यांच्या कारखान्यात जेवढा मान नव्हता तेवढा त्या शेंगांमुळे आळीत होता, पण हे त्यांना कधी जाणवलं नव्हतं.

पहिल्या प्रयोगासाठी चुरींनी किरकोळ रजा घेतली. सकाळी ऊन आलं ते मोगऱ्यापाशी. चुरींनी चूल तिथे नेली, तांदूळ-पाणी घातलं, आरसा सूर्याकडे केला आणि पाटावर बसले. थोड्या वेळाने बघतात तर चूल सावलीत आणि ऊन विहिरीपाशी. त्यांनी चूल विहिरीपाशी ओढली. ऊन तिथेही टेकेना. ते तोंडलीच्या मांडवाखालून निघून न्हाणीच्या भिंतीवर चढलं. चूल अशी जड, की ती सरकवायला चुरींना गुडघ्यावर बसावं लागे, आणि सरकवून उठेपर्यंत ऊन पुढे गेलेलं असे. शिवाय शिजलं का ते बघायला ते दर वेळी काच उघडत आणि साठवलेली ऊब हवेत सोडून देत. काच उघडायची नाही असं प्रदर्शनातल्या बाईंनी बजावलं होतं. पण आत काय चाललंय हे न बघता बसून राहणं चुरींच्या प्रकृतीला मानवत नसे. ते दाढी करतानाही दोनदा उठून दारात जात.

संध्याकाळी भांड्यातून जे निघालं ते तांदूळही नव्हतं आणि भातही नव्हतं. द्वारकाबाईंनी ते स्टोव्हवर चढवलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. पलीकडचे भालचंद्र म्हात्रे बँकेत होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं कळत असे. ते म्हणाले, "ऊन येत नसेल तर ऊन आणायचं. आरशाने." मग द्वारकाबाईंच्या कपाटाचा आरसा विहिरीच्या कठड्यावर, भालचंद्रांच्या दाढीचा आरसा कुंपणाला, अशी योजना झाली. पहिला आरसा दुसऱ्यावर ऊन टाकणार, दुसरा चुलीवर. प्रत्यक्षात पहिल्याने दुसऱ्यावर टाकलं आणि दुसऱ्याने ते सायकलवरून येणाऱ्या पोस्टमनच्या डोळ्यांत टाकलं. पोस्टमन सायकलसकट अळवात गेला. त्याला फारसं लागलं नाही, पण नंतरचे काही आठवडे तो चुरींची पत्रं भालचंद्रांकडे टाकून जात असे.

खरा सल्ला दक्षिणेकडच्या कुंपणापलीकडून आला. तिथे फर्डिनंड तुस्कानो राहत. शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांचे मास्तर. मुलगा कुवेतला. त्याने पाठवलेल्या पैशांतून मास्तरांनी मागच्या उन्हाळ्यात कौलं काढून घरावर स्लॅब घातला होता, आणि आळीतली पहिली गच्ची त्यांच्या घराला आली होती. मास्तरांनी चूल पाहिली, आरशाचा कोन पाहिला, मान हलवली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी-कंपास घेऊन आकृती काढायला बसले. सूर्य काढला, अंगण काढलं, झाडं काढली.

"रामनाथ, हे उघड आहे," ते म्हणाले. "हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली सरकतो. किरण असे तिरपे येतात. मध्ये काय आहे? शेवगा. शेवगा काढ, अंगण मोकळं."

"मास्तर, तो तिचा शेवगा आहे."

"मी फक्त भूमिती सांगितली," मास्तर म्हणाले. "पुढचं ज्याचं त्याने बघायचं."

चुरींनी विषय काढला तेव्हा द्वारकाबाई फुलांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "फुलं आलीत. शेंगा होऊ देत. मग फांदी छाटायची का ते बघू." इतक्या सरळ शब्दांत सांगितलेली गोष्ट समजायला कठीण नव्हती. पण चुरींना रात्री झोप लागेना, दिवसा काम सुचेना. कारखान्यात त्यांनी एकाला खिळ्यांऐवजी वॉशर काढून दिले. घरात सूर्याची चूल आहे आणि सूर्य अंगणावरून जातोय, आणि दोघांची गाठ पडत नाही, ही गोष्ट त्यांना एखाद्या न जमलेल्या लग्नासारखी लागून राहिली.

संक्रांतीला द्वारकाबाई हळदीकुंकवासाठी केळव्याला गेल्या. चुरींनी ठरवलं, एकच फांदी. तीही कडेची. तिला कळणारही नाही. त्यांनी बांबूला कोयता बांधला. कुंपणापलीकडून मास्तर मार्गदर्शन करू लागले. "डावीकडे. अजून वर. हां, आता ओढ." चुरींनी ओढलं.

शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात नव्हतं. फांदी तुटली ती एकटी तुटली नाही. खोडाची साल, सालीमागून खोड, असं करत झाड कमरेपर्यंत फाटलं आणि सावकाश, अगदी वाट बघून बसल्यासारखं, तोंडलीच्या मांडवावर आडवं झालं. मांडवही बसला. सगळीकडे पांढरी फुलं पसरली. मास्तर आभाळाकडे बघून म्हणाले, "ऊन मात्र आलं."

संध्याकाळी द्वारकाबाई आल्या. त्यांनी पिशवी ओटीवर ठेवली, अंगण पाहिलं, आणि सूप आणून फुलं गोळा करायला बसल्या. त्या फुलांची त्यांनी भाजी केली आणि चुरींना वाढली. भाजी फार चवदार झाली होती, त्यामुळे ती गिळणं चुरींना जास्तच जड गेलं. आदळआपट झाली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं. त्यांनी दोन-तीन उत्तरं तयारही ठेवली होती.

सकाळी द्वारकाबाईंनी स्टोव्ह पुसला आणि माळ्यावर ठेवला.

"आता ऊन आलंय," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक तुमचा."

त्यानंतर त्यांनी चुरींशी बोलणं बंद केलं. तसं पूर्ण बंद म्हणता यायचं नाही. "दार लावा", "दूध आलं", एवढं होत असे. पण ज्याला बोलणं म्हणतात, म्हणजे शेजाऱ्यांची उणीदुणी, भावांच्या बायका, आज काय स्वप्न पडलं, ते सगळं थांबलं. त्या आपल्या खोलीत बसून गजरे करत आणि ताटात येईल ते खात. आणि ताटात फारसं काही येत नव्हतं. कारण शेवगा पडल्यावर ऊन आलं ते सकाळचं. भर दुपारी, जेव्हा चूल तापायची वेळ, तेव्हा अंगणावर पुन्हा सावली यायची.

"ही फणसाची," मास्तरांनी कॅलेंडर उलगडून सांगितलं.

फणसाचं नाव काढताच चुरी घरात निघून गेले.

पाव, केळी, कुरमुरे, बेकरीची खारी. द्वारकाबाई यातलं काहीही तक्रार न करता खात होत्या. माणूस तक्रार न करता खारी खातंय हे रोज समोर बसून बघणं काय असतं ते चुरींनाच माहीत. कारखान्यात वजन उतरल्याबद्दल दोघांनी त्यांचं अभिनंदन केलं.

शेवटी त्यांनी पुन्हा रजा टाकली आणि ज्या केंद्राने चूल दिली होती ते ठाण्याचं केंद्र गाठलं. खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तक्रार चुलीची आहे की उन्हाची?"

"चूल तापत नाही."

"उन्हात ठेवता?"

"ऊन राहत नाही ना दुपारचं."

"मग चूल चांगली आहे," गृहस्थ म्हणाले. "ऊन आमच्याकडे येत नाही."

"अहो, पण कोणी येऊन बघाल तरी?"

"येऊ ना. तपासनीस पाठवू. फक्त आपल्या जागेत ऊन येतं असा दाखला आणा. तलाठ्याचा चालेल. ऊनच नसेल तर आमचा माणूस येऊन करणार काय?"

चुरी तलाठ्याकडे गेले. तलाठी भला माणूस होता. त्याने चष्मा पुसून सगळी कहाणी ऐकली आणि मनापासून विचार केला. "सातबाऱ्यावर झाडं लागतात," तो म्हणाला, "विहीर लागते. पीक लागतं. ऊन लावायला रकाना नाही, चुरीसाहेब. उद्या मी तुम्हाला ऊन लावून दिलं तर परवा कोणी चांदणं मागेल." मग जरा पुढे झुकून त्याने विचारलं, "शेवगा होता ना तुमचा? तो पडल्याची नोंद करून देऊ का?"

चुरी नको म्हणाले.

अशातच केळव्याहून निरोप आला. द्वारकाबाईंचे थोरले भाऊ हरिश्चंद्र हे बागायतदार, अंगाने आडवे, बोलायला गोड, आणि या गोडीतच त्यांचा सगळा धोका होता. "भावोजी सूर्यावर जेवण करतात असं ऐकलं," त्यांनी कळवलं होतं. "रविवारी आम्ही दोघं येतो. द्वारकेला म्हणावं, तू अजिबात काही करू नकोस."

द्वारकाबाई म्हणाल्या, "मी काही करत नाहीच आहे."

आता प्रश्न नुसता भाताचा राहिला नव्हता. हरिश्चंद्र एकदा जेवून उपाशी परत गेले, तर ती गोष्ट केळव्यापासून डहाणूपर्यंत प्रत्येक लग्नाच्या मांडवात सांगितली जाणार होती, आणि दर वेळी चुरींना तिथे बसून हसावं लागणार होतं. ते इतके अस्वस्थ झाले, की शनिवारी संध्याकाळी अंगणात चूल इकडून तिकडे ओढत राहिले. सूर्य मावळला होता हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"रामनाथ," मास्तरांनी कुंपणावरून हाक मारली. त्यांनाही त्या झाडाचं मनातून लागलं होतं. "गच्चीवर ठेव की माझ्या. वर सकाळपासून ऊन. ना झाड, ना फांदी. ठेवायची आणि विसरून जायचं."

रविवारी सकाळी मास्तर आणि चुरी या दोघांनी मिळून चूल जिन्याने वर चढवली. जिना मास्तरांच्या घरातून होता आणि त्यांच्या बायकोने, इझाबेलबायने, तो नुकताच पुसला होता. गच्चीवर दोन दोऱ्यांना बोंबील वाळत होते. चुरींनी चार भांडी भरली: भात, तुरीची डाळ, वाल आणि रताळी. आरसा सूर्याकडे केला. मग ते खाली गेले, आणि लगेच बघायला वर आले. पुन्हा खाली गेले. पुन्हा वर आले. चौथ्या खेपेला इझाबेलबाय जिन्यात फडकं घेऊन उभी होती.

"रामनाथबाबू, तुझा भात शिजेल तेव्हा शिजेल, माझा जिना रोज पुसायचा आहे. जा, आंघोळ करून ये. आणि वर जाशील तेव्हा कावळ्यांना हाकल."

चुरी घरी गेले. दाढी, आंघोळ, इस्त्रीचा सदरा. आज नंदाखालला पुतणीचं लग्न आहे आणि आम्ही लवकर निघणार आहोत असं मास्तरांनी जिन्यात दोनदा सांगितलं होतं. चुरींनी दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं होतं. त्यांचं लक्ष वर होतं.

हरिश्चंद्र आले, बरोबर त्यांच्या पत्नी नर्मदाबाई आल्या. पाणी झालं, चौकशा झाल्या. हरिश्चंद्रांनी शेवग्याचा बुंधा पाहिला, बहिणीकडे पाहिलं आणि विषय काढला नाही. "मग," ते पाटावर बैठक जमवत म्हणाले, "सूर्यनारायणांनी काय केलंय आज?"

"आणतो," म्हणून चुरी ऐटीत उठले आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले. दाराला कुलूप होतं.

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. मागचं दार पाहिलं. घराला एक फेरी घातली, आणि परत येऊन तेच कुलूप पुन्हा ओढलं. माणूस अशा वेळी दुसऱ्यांदा का ओढतो कोण जाणे. वर गच्चीवर कावळे बोलत होते.

"किल्ली नाही का?" हरिश्चंद्र मागे येऊन उभे होते.

"लग्नाला गेलेत. येतील."

"कधी?"

लग्न नंदाखालचं, म्हणजे आधी देवळात मिस्साची प्रार्थना, मग बँड, मग जेवणं. "येतीलच," चुरी म्हणाले.

भालचंद्रांनी शिडी आणून दिली. विड्याची पानं खुडायची बांबूची शिडी, जुनी, पण उंचीला पुरली. हरिश्चंद्रांनी खालून धरली. नर्मदाबाई, भालचंद्रांच्या घरातली मंडळी आणि रस्त्याने जाणारे दोन-तीन जण उभे राहिले. द्वारकाबाई आपल्या ओटीवर होत्या. इस्त्रीच्या सदऱ्यात चुरी चढले. कठड्याला हात पोचला, पोट कठड्यावर आलं, एक पाय पलीकडे गेला आणि दुसऱ्या पायाने शिडीला निरोप दिला. शिडी हरिश्चंद्रांच्या हातून निसटून कपडे धुवायच्या दगडावर पडली आणि तिचे दोन भाग झाले.

"लागलं का?" खालून कोणीतरी विचारलं.

वर चुरींनी चूल उघडली होती.

वाफेचा लोट चष्म्यावर आला. तो पुसून त्यांनी पाहिलं. भाताचा दाणा न दाणा मोकळा झाला होता. डाळ बोटाने मोडत होती. वालांना असा वास सुटला होता की बोंबलांचं काही चालेना. रताळ्यांमधून चिकट रस सुटून भांड्याच्या कडेला लागला होता. एवढी धावपळ, एवढी रजा, एवढी खारी, आणि आता हे सगळं जमलं होतं तेव्हा दाखवायला वर एक कावळा सोडून कोणी नव्हतं.

ते कठड्याशी आले. "शिजलंय," ते म्हणाले.

"छान," हरिश्चंद्र म्हणाले. "आता खाली कसं आणायचं?"

चुरींनी बोंबलांची एक दोरी सोडली, बोंबील पसाभर-पसाभर करून कठड्यावर मांडले, दोरी इझाबेलबायच्या बादलीला बांधली आणि भांडी खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून एकेक करून कुंपणापलीकडे आपल्याच अंगणात उतरवली. हरिश्चंद्र ती उतरवून घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू दुसऱ्या भांड्यानंतर कमी झालं आणि चौथ्या भांड्याला गेलं. वास त्यांच्याही नाकात गेला होता.

अंगणातच पानं मांडली. भालचंद्र दुसरी शिडी शोधायला गेले ते आळीतल्या सगळ्यांना गोष्ट सांगत गेले, म्हणून त्यांना वेळ लागला. नारळ काढणारा गावात नव्हता. तोवर भात निवायला नको म्हणून मंडळी बसली. हरिश्चंद्रांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मान वर करून म्हणाले, "भावोजी, भात उत्तम झालाय. मनापासून सांगतो." मग जरा थांबून म्हणाले, "उतरायचं काय ठरवलंय?"

वर चुरी कठड्यावरून वाकले. त्यांचं पोट खालच्या पानांकडे बघून आवाज करत होतं. एवढ्यात बादली हलली. द्वारकाबाई कुंपणापाशी आल्या होत्या. बादलीत झाकलेलं ताट होतं.

"दोरी ओढा," त्या म्हणाल्या. आणि जराशाने, जायला वळता वळता, "वाल चांगले झालेत. मीठ लागतंय बरोबर."

इतक्या दिवसांत त्या चुरींशी इतकं बोलल्या नव्हत्या. चुरींनी ताट वर घेतलं, कठड्याला टेकून उभ्याउभ्याच जेवायला सुरुवात केली, आणि मन जरा हलकं होऊन खाली बघू लागले. वरून आपलं अंगण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. विहिरीचं तोंड, मोडका मांडव, शेवग्याचा बुंधा, पंगत. पंगतीचा अर्धा भाग उन्हात होता, अर्धा सावलीत. सावलीची कड अगदी सरळ होती, मास्तरांनी पट्टीने ओढल्यासारखी, आणि ती बरोबर हरिश्चंद्रांच्या पानामधून गेली होती. त्या सरळ कडेवर एका जागी एक गोल उंचवटा होता.

चुरींना कान खाजवावासा वाटला. त्यांनी खाजवला. उंचवट्यानेही खाजवला.

ते थांबले. मग हळूच एक पाऊल डावीकडे सरकले. उंचवटा नर्मदाबाईंच्या पानावर गेला. त्यांनी हात वर केला. खाली भाताच्या भांड्यावरून एक लांब काळा हात फिरला.

द्वारकाबाई भात वाढत होत्या. हात भांड्यावरून गेला तसा त्यांच्या हातातला डाव थांबला. त्यांनी आधी सावलीकडे पाहिलं. सावलीच्या कडेने नजर नेत नेत त्या मास्तरांच्या भिंतीपर्यंत गेल्या, भिंतीवरून वर कठड्यापर्यंत, कठड्यावरून नवऱ्यापर्यंत. मग त्यांनी वळून शेवग्याच्या बुंध्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर. चुरींचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

एवढ्यात भालचंद्र धापा टाकत आले. फुलपाड्याहून कोणाची तरी लोखंडी शिडी मिळतेय, हातगाडीने आणावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"घाई नका करू, भालूभाऊ," द्वारकाबाई म्हणाल्या आणि भात वाढू लागल्या. "त्यांना राहू दे जरा वर."

मास्तर आणि इझाबेलबाय परतले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पाहुणे गेले होते. मास्तरांनी लग्नाच्या कोटातच जिना चढून गच्चीचं दार उघडलं, आणि त्यांना चुरी कठड्याला पाठ लावून बसलेले दिसले.

"रामनाथ, फार वाईट झालं. मला भालचंद्राने सांगितलं. चल खाली."

"मास्तर, आधी इकडे या," चुरी म्हणाले. "इथे, माझ्या शेजारी उभे राहा. समोर बघा."

समोर चुरींच्या घराची पांढरी भिंत होती. तिच्यावर गच्चीच्या कठड्याची लांब काळी पट्टी पडली होती आणि पट्टीवर दोन डोकी होती. एका डोक्यावर हॅट होती. मास्तरांनी हॅट काढली. भिंतीवरच्या डोक्याचीही गेली. त्या भिंतीखाली, ओटीवर, द्वारकाबाई सूप घेऊन बसल्या होत्या आणि वर बघत होत्या.

मास्तर गणिताचे होते, त्यांना वेळ लागला नाही.

"आकृतीत," ते हॅटची कड फिरवत म्हणाले, "मी माझं घर धरलंच नव्हतं."

"नाही," चुरी म्हणाले.

"तिला कळलंय?"

"दुपारीच."

मास्तरांनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली, मग काढली. "तरी जायला हवं खाली. किती वेळ बसणार?"

एवढ्यात मागून, जिन्याच्या तोंडाशी, इझाबेलबायचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. तिने शांतपणे फक्त एवढंच विचारलं, की दोरीवरचे बोंबील कठड्यावर कोणी ठेवले आणि त्यातले कावळ्यांनी किती नेले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मास्तरांनी कोटाची बटणं सोडली, रुमाल अंथरला आणि ते चुरींच्या शेजारी बसले.

"वारा छान आहे वर," ते म्हणाले.